सर सिरिल क्लार्क : फुलपाखरें आणि ऱ्हीसस रक्त

आपल्या जुन्या वैद्यकांत 'मृतवत्सा' असा एक शब्द आढळतो. जिचीं मुलें जन्मतांच किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावतात ती स्त्री मृतवत्सा. लोकांच्या तोंडीं या कल्पनेंत अनुकंपेपेक्षां दूषणाचाच भाग अधिक असे. घराण्याचा शाप, पूर्वजन्मींचें पातक, पायगुण, असा कोणता ना कोणता दोष त्या माउलीच्या माथीं मारण्यांत येई. आणि त्यांतून एखादें मूल जगलेंच तर त्याचें नांव धोंडू, दगडू किंवा केरू ठेवून दैवाची नजर चुकविण्याची खटपट होई. अशीं मुलें जाण्याचीं कारणें अर्थातच नाना प्रकारचीं होतीं. ताप, धनुर्वात, आईची उपासमार हीं त्यांतलीं मोठीं. परंतु त्या गर्दींत एक कारण असें होतें कीं, त्याचा क्रमच त्याची ओळख पटवी. पहिलें मूल धडधाकट. दुसरें जन्मल्यावर एकदोन दिवसांत हळदीसारखें पिवळें. तिसरें मेलेलेंच जन्मास यावयाचें.

हा क्रम युरोपांतील वैद्यांनाही ठाऊक होता, पण उलगडत नव्हता. कांहीं अर्भकें पाण्यानें फुगून मृत जन्मत, कांहींना तीव्र कावीळ होई, कांहीं नुसतीं पांढरीं फटफटीत दिसत. हे तीन निरनिराळे रोग समजले जात. बोस्टन येथील लुई डायमंड व त्यांचे सहकारी यांनीं १९३२ सालीं हे तिन्ही एकाच रोगाचे अवतार असल्याचें दाखविलें. अर्भकाच्या रक्तांतील लाल पेशी गर्भाशयांतच फुटूं लागतात, हें त्यांचें समान मूळ. त्या कां फुटतात, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आणखी नऊ वर्षें लागलीं.

१९३९ सालीं न्यू यॉर्क येथील फिलिप लेव्हिन व रूफस स्टेटसन यांनीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला मृत मूल झालें होतें. रक्तस्राव झाल्यामुळें पतीचें रक्त देण्यांत आलें. पतिपत्नी दोघेही 'ओ' गटाचे, म्हणजे तोंवरच्या शास्त्राप्रमाणें धोका कांहींच नव्हता. तरी त्या रक्तानें तिला भयंकर बाधा झाली. लेव्हिन यांनीं तर्क केला तो असा : गर्भास पित्याकडून असा कांहीं घटक मिळाला असावा कीं, जो मातेच्या रक्तांत नाहीं, मातेच्या शरीरानें त्यास परका ठरवून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार केलें, आणि पतीचें रक्त शरीरांत येतांच तेंच प्रतिद्रव्य त्याच्यावरही तुटून पडलें. पुढच्याच वर्षीं कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनीं ऱ्हीसस माकडाचें रक्त सशांना टोचून जो रस मिळविला, तो न्यू यॉर्कमधील शंभरांपैकीं सुमारें ८५ गोऱ्या लोकांच्या रक्ताच्या गुठळ्या करतो, असें दाखविलें. हें माकड म्हणजे उत्तर भारतांतील देवळांच्या आवारांत हिंडणारें आपलें तांबड्या तोंडाचें माकड. पुढें असें निष्पन्न झालें कीं, माकडाच्या रक्तांतील तो घटक आणि मनुष्याच्या रक्तांतील घटक हे एक नव्हेत. परंतु नांव एकदां चिकटलें म्हणजे सुटत नाहीं. रक्ताच्या चिठ्ठीवर त्या बिचाऱ्या माकडाचें नांव आजतागायत लिहिलें जात आहे.

१९४१ पर्यंत सारा उलगडा झाला. माता ऱ्हीसस-निगेटिव्ह, पिता पॉझिटिव्ह, मूल पित्यावर गेलेलें. बाळंतपणाच्या वेळीं वार सुटतांना मुलाचें थोडें रक्त मातेच्या रक्तांत मिसळतें आणि तिच्या शरीरास या परक्या पेशींची ओळख होते. पहिलें मूल तोंवर सुखरूप बाहेर आलेलें असतें. शिक्षा भोगावयाची ती पाठच्या भावंडांनीं. युरोपीय समाजांत शंभरांत सुमारें १५ माणसें ऱ्हीसस-निगेटिव्ह असतात, आपल्याकडे सुमारें ५. तेथें हा रोग घरोघर ऐकूं येई आणि आपल्याकडे तो इतर मृत्यूंच्या गर्दींत दडून राही, त्याचें एक कारण हें.

कारण कळलें, पण उपाय? १९४६ पासून जन्मलेल्या मुलाचें सगळें रक्त बदलण्याची युक्ति निघाली. १९६३ सालीं न्यूझीलंडमध्यें डॉ. लायली यांनीं मातेच्या पोटांतून सुई घालून गर्भासच रक्त पोंचविण्याचें धाडस केलें. या उपायांनीं पुष्कळ जीव वांचले, आणि ते करणाऱ्यांच्या कौशल्यास तोड नाहीं. तरीही तें तहान लागल्यावर विहीर खणणेंच होतें. मातेच्या शरीरांत ती ओळखच होऊं न देणें शक्य आहे काय, हा प्रश्न कोणी धसास लावीत नव्हतें. तो ज्यानें लावला तो मनुष्य रक्तशास्त्रज्ञ नव्हता, प्रसूतिशास्त्रज्ञही नव्हता. तो फुलपाखरें पाळणारा एक वैद्य होता.

सिरिल क्लार्क यांचा जन्म १९०७ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथें झाला. वडीलही वैद्यच. केंब्रिज आणि लंडनचें गाइज हॉस्पिटल असें शिक्षण, दुसऱ्या महायुद्धांत आरमारांत वैद्यकी, आणि युद्धानंतर लिव्हरपूल येथें रुग्णालयांत काम, असा त्यांचा चाळिशीपर्यंतचा क्रम पाहिला तर त्यांत चरित्रकारास थांबण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. परंतु त्यांना लहानपणापासून फुलपाखरांचा नाद होता, आणि चाळिशीनंतर, जेव्हां बहुतेकांचे नाद सुटतात, तेव्हां त्यांनीं तो नव्यानें धरला. निरनिराळ्या जातींच्या नर व मादी फुलपाखरांना हातांत धरून त्यांचा संयोग घडविण्याची हातोटी त्यांनीं साधली. तिच्यामुळें निसर्गांत सहसा न घडणारे संकर घरच्या घरीं करून पाहतां येऊं लागले. १९५२ च्या सुमारास या व्यवहारांतून त्यांची गांठ ऑक्सफर्डच्या फिलिप शेपर्ड या तरुण आनुवंशशास्त्रज्ञाशीं पडली. शेपर्ड पुढें लिव्हरपूललाच आले, आणि वैद्य व प्राणिशास्त्रज्ञ या दोघांची जोडी शेपर्ड यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

त्यांचा आवडता विषय सोंग घेणाऱ्या फुलपाखरांचा. तो समजण्यास आफ्रिकेंत जावयास नको. आपल्या परसांतल्या कढीलिंबाकडे पाहिलें तरी पुरे. त्यावर काळ्या रंगाचें, मागल्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलें एक फुलपाखरूं येतें. इंग्रजींत त्यास कॉमन मॉर्मन म्हणतात. नर सगळे एकसारखे. माद्यांत मात्र तीन रूपें : एक नरासारखें, आणि दुसरीं दोन तांबड्या ठिपक्यांच्या, पक्ष्यांना न रुचणाऱ्या, अगदीं वेगळ्या दोन जातींची नक्कल करणारीं. पंखांचा रंग, ठिपके, नक्षी इतक्या गोष्टी बदलतात, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्या एकत्रच उतरतात. अर्धें एक रूप व अर्धें दुसरें अशी खिचडी सहसा होत नाहीं. क्लार्क व शेपर्ड यांनीं आफ्रिकेच्या, अतिपूर्वेच्या आणि आपल्या या फुलपाखरांवर वर्षानुवर्षें संकराचे प्रयोग केले. अनेक जनुकें एकमेकांना चिकटून एका गांठोड्यासारखीं उतरत असावींत, असें त्यांस वाटूं लागलें. आणि नेमकें असेंच गांठोडें ऱ्हीसस रक्ताच्या बाबतींत रोनाल्ड फिशर व रॉबर्ट रेस या इंग्रज शास्त्रज्ञांनीं कल्पिलेलें होतें. फुलपाखरावरून रक्ताकडे जाण्याची वाट ती ही. दिसावयास ती आडवाट दिसते. चालणाऱ्यास सरळ होती.

रक्तगटांत त्यांना दुसरेंही एक आकर्षण होतें. एक जनुक दुसऱ्याच्या कार्यांत कसें ढवळाढवळ करतें हें फुलपाखरांत पाहण्याची त्यांस संवय झालेली. रक्तांतील त्याचा एक नामांकित दाखला आपल्या मुंबईचा आहे. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना मुंबईंत असे लोक आढळले कीं, ज्यांचें रक्त तपासतां 'ओ' गटासारखें दिसे, परंतु ज्यांना 'ओ' गटाचेंही रक्त चालत नसे. हाच जगप्रसिद्ध 'बाँबे' गट. ए किंवा बी गटाचें जनुक अशा माणसांत असूं शकतें, पण दुसऱ्या एका जनुकाच्या अभावीं तें प्रकटच होत नाहीं, हें १९५५ सालीं दाखविणाऱ्यांत तेच फिलिप लेव्हिन होते. या लेव्हिन यांचेंच १९४३ मधील एक निरीक्षण मासिकांच्या ढिगांत पडून होतें. तें असें कीं, पतिपत्नींचे ए-बी-ओ गट एकमेकांशीं जुळत नसतील तर ऱ्हीससची आपत्ति पुष्कळच कमी वेळां येते. म्हणजे एका वैरानें दुसऱ्या वैरापासून रक्षण व्हावें, असा हा चमत्कार.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. आणि त्याच्या दृष्टीनें या साऱ्या कथेचें मर्म येथें आहे. रोगी कां दगावला हें विचारणारे वैद्य पुष्कळ झाले. ज्यास रोग व्हावयाचा तो कां सुटला, हें विचारणारे थोडे. क्लार्क यांनीं आपल्या हाताखालच्या रोनाल्ड फिन या तरुण डॉक्टरास हेंच काम दिलें. सुदैवानें १९५७ सालीं जर्मनींत क्लाइहाउअर व त्यांचे सहकारी यांनीं मातेच्या रक्तांत मिसळलेल्या मुलाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं वेगळ्या ओळखण्याची रीत काढली होती. ती वापरून फिन यांनीं बाळंतिणींचें रक्त तपासलें. गट जुळत असतील तर मुलाच्या पेशी दिसत. जुळत नसतील तर क्वचितच. अर्थ उघड होता. 'ओ' गटाच्या मातेच्या रक्तांत 'ए' विरुद्ध प्रतिद्रव्य जन्मजातच तयार असतें. मुलाच्या पेशी आल्या कीं तें त्यांचा तेथल्या तेथें निकाल लावतें, आणि शरीरास त्यांवरील ऱ्हीसस घटकाची ओळख व्हावयास अवसरच मिळत नाहीं. त्याबरोबर हेंही दिसलें कीं, हें मिसळणें मुख्यत्वें प्रसूतीच्या वेळींच होतें. मग निसर्ग जें कांहीं जणींसाठीं करतो तें सर्वांसाठीं कां करूं नये? बाळंतपण होतांच मातेस ऱ्हीससविरुद्ध प्रतिद्रव्यच टोचावें, म्हणजे शिरलेल्या पेशी ओळख पटण्यापूर्वींच नष्ट होतील! १८ फेब्रुवारी १९६० रोजीं लिव्हरपूलच्या वैद्यकसभेंत फिन यांनीं ही सूचना मांडली. क्लार्क यांच्या पत्नीनें मध्यरात्रीं त्यांना जागें करून हाच उपाय सांगितला आणि, "अग, जें होऊं नये म्हणून आमची धडपड तेंच टोचूं म्हणतेस?" असें म्हणून ते पुन्हां निजले, अशी एक गोष्ट आहे, स्वतः क्लार्कच ती सांगत. गोष्ट मोठी गोड आहे. तथापि तारीखवार पुरावा फिन यांच्या बाजूनें आहे, आणि इतिहासानें तोच धरावा हें बरें.

पहिला प्रयोग फसला. ऱ्हीसस-निगेटिव्ह पुरुष स्वयंसेवकांना पॉझिटिव्ह पेशी टोचून त्यांतील कांहींना प्रतिद्रव्यही देण्यांत आलें. ए-बी-ओ गटांचीं जन्मजात प्रतिद्रव्यें 'पूर्ण' म्हणविणाऱ्या जातीचीं, म्हणजे पेशींच्या गुठळ्या करणारीं असतात. निसर्गाची नक्कल करावयाची म्हणून त्याच जातीचें प्रतिद्रव्य वापरलें गेलें. परिणाम उलटा झाला. ज्यांना तें दिलें त्यांचेंच रक्त अधिक प्रमाणांत बिथरलें. दुसरा कोणी असता तर त्यानें हा नाद सोडला असता. त्यांनीं जात बदलली. 'अपूर्ण' म्हणविणारें, पेशींवर निमूटपणें लेप देऊन बसणारें, आकारानें लहान असें जें दुसऱ्या जातीचें प्रतिद्रव्य, तें दिल्यावर रक्षण झालें. नक्कल करतांना सोंग घेणारें फुलपाखरूं सुद्धां मूळ जातीशीं अगदीं हुबेहूब जुळत नाहीं, हें क्लार्क यांना कोणी सांगावयास नको होतें.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे न्यू यॉर्कमध्यें व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोर्मन व विल्यम पोलॅक हे तिघे लिव्हरपूलची वार्ता नसतां त्याच जागीं येऊन पोंचले होते. त्यांची वाट निराळी. थिओबाल्ड स्मिथ यांनीं १९०९ सालीं घटसर्पावर काम करीत असतां असें पाहिलें होतें कीं, विषाबरोबर प्रतिविष भरपूर दिलें तर शरीर स्वतःचें प्रतिविष तयार करीत नाहीं. या विस्मृत सूत्रावर त्यांनीं आपली इमारत उभारली, आणि प्रतिद्रव्य शुद्ध करून स्नायूंत टोचण्याची अधिक सोईची रीत काढली. त्यांचे स्वयंसेवक सिंगसिंग येथील तुरुंगांतील कैदी होते. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत टोचावें, असा जो नियम आज जगभर सांगितला जातो, त्याचें मूळ शरीरशास्त्रांत नसून त्या तुरुंगाच्या शिस्तींत आहे असें सांगतात : तीन दिवसांहून लवकर डॉक्टरांस पुन्हां आंत सोडीत नसत! बंदिवानांवर असे प्रयोग करण्यास आज कोणी मान्यता देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. तथापि ज्यांच्या दंडांवर हें औषध प्रथम पारखलें गेलें, त्या अनाम माणसांची आठवण निदान या तीन दिवसांच्या मुदतींत तरी राहिली आहे.

जानेवारी १९६४ च्या अखेरीस गोर्मन यांच्या भावजयीस इंग्लंडांत बाळंतपणानंतर हें औषध टोचण्यांत आलें; १९६८ सालीं अमेरिकेंत त्याच्या विक्रीस परवाना मिळाला. ब्रिटनमध्यें हें औषध सर्रास होण्यापूर्वीं दर लाख जन्मांमागें ४६ अर्भकें या रोगानें जात. १९९० पर्यंत तें प्रमाण १.६ वर आलें. यांत घटत्या जन्मसंख्येचा व इतर उपचारांचाही वांटा आहे, पण मोठा वांटा या सुईचाच. १९८० सालीं लॅस्कर पारितोषिक क्लार्क, फिन, फ्रेडा, गोर्मन व पोलॅक या पांचांत वांटून देण्यांत आलें. अमुक शोध कोणीं लावला, असा एक मार्काचा प्रश्न घालण्याची आम्हां अध्यापकमंडळीस खोड असते. या प्रश्नास पांच नांवें लिहिणारा विद्यार्थीही अपुरेंच उत्तर लिहील. शेपर्ड यांचें नांव त्या यादींत नाहीं. ते १९७६ सालींच वारले, तेही रक्ताच्या कर्करोगानें.

त्या यादींत आणखीही कांहीं माणसें नाहींत, आणि त्यांच्याविषयीं मला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. हें प्रतिद्रव्य कारखान्यांत होत नव्हतें. तें मिळावयाचें कोठून? ज्यांच्या रक्तांत तें आधींच तयार होतें त्यांच्याकडून. म्हणजे ज्यांचीं मुलें याच रोगानें गेलीं होतीं त्या स्त्रियांकडून. ज्या रक्तानें स्वतःचीं लेंकरें घेतलीं तेंच रक्त काढून देऊन त्यांनीं दुसऱ्यांचीं राखिलीं. पुढें पुरुष स्वयंसेवकांना मुद्दाम टोचून सांठा वाढविण्यांत आला. ऑस्ट्रेलियांतील जेम्स हॅरिसन यांनीं तर पन्नास वर्षांहून अधिक काळ असें रक्तदान केलें. परंतु माणसाच्या रक्तापासून होणारें औषध माणसाच्या हयगयीपासून सुटत नाहीं. १९७७-७८ सालीं आयर्लंडांत एका आजारी गरोदर स्त्रीचें रक्तद्रव, उपचारासाठीं काढलेलें, तिच्या संमतीवांचून या औषधाकडे वळविण्यांत आलें. तिला कावीळ झाल्याचें कळूनही तें थांबविलें गेलें नाहीं. हजारांहून अधिक आयरिश मातांना त्यांतून यकृताच्या रोगाची बाधा झाली, आणि ही गोष्ट १९९४ पर्यंत उजेडांत आली नाहीं. मुलांना वांचविणाऱ्या औषधानें आयांना गांठावें, हें या इतिहासाचें काळें पान आहे. तें गाळून लिहिलेलें चरित्र खरें नव्हे.

आपल्याकडे आतां गरोदरपणीं रक्तगट पाहण्याची रीत शहरांत रुळली आहे, आणि प्रयोगशाळेंतील पेशींपासून हें प्रतिद्रव्य तयार करण्याचें काम मुंबईच्या एका औषध-कंपनीनें केलें आहे. तथापि सुई बाळंतपणानंतरच लागते असें नव्हे. गर्भपात झाला तरी लागते, आणि मूल पोटांत असतांना सातव्या महिन्याच्या सुमारास एकदां दिली तर रक्षण अधिक पक्कें होतें. गर्भपाताची गोष्ट घरांत झांकून ठेवण्याची आपली चाल असल्यानें ही पहिलीच संधि पुष्कळदां हुकते, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढें बिथरलेलें रक्त येतें. एकदां बिथरलेल्या रक्तावर मात्र या सुईचा उपयोग नाहीं. वडीलधाऱ्या बायकांनीं सुनेच्या रक्ताची चिठ्ठी डोळ्यांखालून घालावी व ती निगेटिव्ह असल्यास मुलाच्याही चिठ्ठीची चौकशी करावी, इतकें सुचविण्यास वैद्य असण्याची गरज नसावी. येथें एक विलक्षण गोष्ट नमूद करावयास हवी. ही सुई शरीरांत नेमकें काय करते, याविषयीं शास्त्रज्ञांचें अजूनही पूर्ण एकमत नाहीं. पेशी झटपट नष्ट होतात हें फिन यांचें स्पष्टीकरण एकटें पुरत नाहीं, असें पुढील प्रयोगांनीं दाखविलें. औषध मात्र काम करीतच आहे.

क्लार्क यांना मानसन्मान यथास्थित मिळाले. १९७० सालीं रॉयल सोसायटीचें सदस्यत्व, १९७२ पासून पांच वर्षें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचें अध्यक्षपद, १९७४ सालीं 'सर' ही पदवी. परंतु लिव्हरपूलजवळील कॅल्डी येथें ते १९५९ पासून रात्रीं दिव्याचा सांपळा लावून एका जातीचे पतंग मोजीत, तें काम त्यांनीं अध्यक्ष होऊनही सोडलें नाहीं. कारखान्यांच्या धुरानें झाडें काळवंडल्यावर या पतंगांत काळ्या रूपाची चलती झाली होती. आरंभीं सांपळ्यांतील शंभरांत ९० हून अधिक पतंग काळे असत. धुराविरुद्ध कायदे होऊन हवा निवळूं लागली तसे काळे कमी होत गेले, आणि १९९० च्या सुमारास ते अल्पसंख्य झाले. उत्क्रांति डोळ्यांदेखत होतांना पाहण्याचा हा योग त्यांनीं तीस वर्षें, रात्रीमागून रात्र, सांधला. २००० सालच्या नोव्हेंबरांत, वयाच्या ९३ व्या वर्षीं, ते वारले.

त्यांच्या दोन गांठोड्यांचें पुढें काय झालें तें सांगून पुरें करतों. ऱ्हीसस रक्ताच्या मुळाशीं फिशर व रेस यांनीं तीन जनुकें मानलीं होतीं, वीनर यांनीं एकच. १९९० नंतरच्या संशोधनानें तीं दोन असल्याचें ठरलें. आणि आपल्या कढीलिंबावरच्या त्या फुलपाखराविषयीं, ज्यावर क्लार्क व शेपर्ड यांनीं १९७२ सालीं सविस्तर निबंध लिहिला होता, पुण्याचे कृष्णमेघ कुंटे व त्यांचे अमेरिकेंतील सहकारी यांनीं २०१४ सालीं असें दाखविलें कीं, मादीचीं सगळीं सोंगें अनेक जनुकांच्या जुडग्यावर नव्हे तर एकाच जनुकावर अवलंबून आहेत; आणि तें जनुक मुळांत नर व मादी यांच्या शरीरांतील भेद ठरविणारें आहे.